टीव्हीशेजारचा शांत संगणक : निवड करताना काय पाहावे

टीव्हीला जोडून चित्रपट, घरगुती चित्रफिती, छायाचित्रे आणि संगीत यांसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकाला ‘होम थिएटर संगणक’ म्हणतात. तो लहान असावा, त्याचा आवाज येऊ नये आणि तो खिशाला परवडावा, अशी ग्राहकाची अपेक्षा असते. या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणे अवघड वाटते. प्रत्यक्षात त्या बऱ्याच अंशी एकाच बाबीवर अवलंबून असतात. ती म्हणजे प्रोसेसरमध्ये असलेला चित्रफीत उलगडणारा स्वतंत्र विभाग, अर्थात हार्डवेअर डिकोडर.

मात्र त्याआधी असा संगणक खरोखरच हवा आहे का, हे ठरवावे. केवळ ओटीटी सेवा पाहायच्या असतील, तर प्रमाणित टीव्ही स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स स्वस्त पडतो आणि चित्रही अनेकदा अधिक स्पष्ट देतो. यामागे तांत्रिक मर्यादेपेक्षा हक्करक्षणाची व्यवस्था आहे. ‘वाइडवाइन’ या संरक्षण प्रणालीची सर्वोच्च पातळी प्रमाणित उपकरणांना मिळते. संगणकावरील क्रोम किंवा फायरफॉक्ससारख्या ब्राउझरना बहुधा खालची पातळी मिळते आणि त्यामुळे अनेक सेवा तेथे कमी स्पष्टतेचे चित्र पाठवतात. नेटफ्लिक्सचे ‘फोर-के’ चित्र विंडोज संगणकावर ठरावीक अटी पाळल्यास दिसते, लिनक्सवर दिसत नाही. संगणकाची खरी उपयुक्तता आहे ती स्वतःचा संग्रह असलेल्यांना : जुन्या डीव्हीडी, डिजिटल करून घेतलेली लग्नाची कॅसेट, नाटकांची व मैफलींची ध्वनिचित्रमुद्रणे, हार्ड डिस्कवर साठलेली वर्षानुवर्षांची छायाचित्रे.

डिजिटल चित्रफीत नेहमी आकुंचित स्वरूपात साठवलेली असते. एच.२६४ (२००३), एचईव्हीसी व व्हीपी९ (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) या त्यासाठीच्या प्रमुख पद्धती. त्या पद्धतीचा डिकोडर प्रोसेसरमध्ये असेल, तर फोर-के चित्रपटही अगदी थोड्या विजेवर चालतो. तो नसेल, तर तेच काम प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांवर पडते. ते तापतात, पंखा वेगाने फिरू लागतो आणि चित्रपटातील शांत प्रसंगात नेमका त्याचाच आवाज ऐकू येतो. दोन खोल्यांच्या घरात, जेथे एक जण पाहतो आणि दुसरा झोपलेला किंवा अभ्यासाला बसलेला असतो, तेथे ही बाब किरकोळ राहत नाही.

म्हणून प्रोसेसरची पिढी पाहणे महत्त्वाचे. इंटेलच्या ‘कोअर’ मालिकेत १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ यांचा पूर्ण डिकोडर सातव्या पिढीपासून आला, तर एव्ही१चा अकराव्या पिढीपासून. सहाव्या पिढीचा ‘आय-सेव्हन’ या कामात सातव्या पिढीच्या ‘आय-थ्री’पेक्षा मागे पडतो. नावापुढील आकडा मोठा म्हणून जास्त पैसे मोजणारे ग्राहक येथेच फसतात.

नव्या संगणकांत इंटेलचा ‘एन१००’ हा २०२३मध्ये आलेला प्रोसेसर या कामासाठी अतिशय सोयीचा ठरला आहे. चार गाभे, सहा वॉटचे मानांकन आणि एव्ही१सह वरील सर्व डिकोडर त्यात आहेत. तळहातावर मावणारे अनेक मिनी पीसी त्यावर चालतात. आठ जीबी रॅम पुरेशी होते. रास्पबेरी पाय ४ हा आणखी लहान पर्याय एचईव्हीसी उत्तम चालवतो, पण त्यात व्हीपी९ किंवा एव्ही१चा डिकोडर नाही. नंतरच्या रास्पबेरी पाय ५मध्येही तो नाही आणि एच.२६४चा डिकोडरही काढून टाकलेला आहे. नवा म्हणजे सर्व बाबतींत सरस, असे येथे म्हणता येत नाही.

सर्वाधिक किफायतशीर पर्याय बहुधा जुन्या बाजारात सापडतो. लेनोवो थिंकसेंटर टायनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी हे कार्यालयांतून निघालेले, सुमारे १८ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे आणि साडेतीन सेंटिमीटर जाडीचे संगणक दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारांत धुंडाळता येतात. विंडोज १०चे नियमित सुरक्षा साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११साठी अधिकृतपणे पात्र नाहीत. कार्यालयाच्या दृष्टीने असे यंत्र निकामी ठरते. ‘कोडी’ हे माध्यम-सॉफ्टवेअर चालवणारी ‘लिब्रईएलईसी’ ही लिनक्स-आधारित मोफत प्रणाली त्यावर घातली, तर टीव्हीशेजारी ते अजून कित्येक वर्षे काम देऊ शकते.

अशा जुन्या यंत्रांत एक अडचण मात्र हमखास तपासावी. त्यांतील अनेकांचे एचडीएमआय १.४ आवृत्तीचे असते आणि ते फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच दाखवू शकते. ६० वेळांसाठी २.० आवृत्ती लागते. काहींत एचडीएमआय नसतेच, केवळ डिस्प्लेपोर्ट असते. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.० देणारा ‘अ‍ॅक्टिव्ह’ प्रकारचा अ‍ॅडॅप्टर घेतल्यास बहुधा प्रश्न सुटतो. त्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

आवाजाबाबत ‘पंखाच नको’ हा आग्रह भारतीय हवामानात तपासून घ्यायला हवा. उन्हाळ्यात खोलीचेच तापमान ३५ अंशांवर असताना पंखाविरहित पेटी तापते आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. संथ फिरणारा पंखा अनेकदा अधिक व्यवहार्य. पंख्याचा वेग निम्मा झाला, की त्याचा आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने घटतो. संगणक टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नये आणि जुना असेल, तर आतील धूळ साफ करून प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आत ठेवण्याऐवजी प्रणालीसाठी लहान एसएसडी वापरावी. मोठा संग्रह दुसऱ्या खोलीतील डिस्कवर ठेवून नेटवर्क केबलने जोडावा.

विजेचा हिशेब सोपा आहे. सरासरी १० वॉट घेणारा संगणक रोज पाच तास चालला, तर ३० दिवसांत दीड युनिट वीज लागते; १०० वॉट घेणारा जुना डेस्कटॉप तेवढ्याच वापरात १५ युनिट खर्च करतो.

खरेदीच्या वेळी १०-बिट एचईव्हीसी स्वरूपातील फोर-के चित्रफीत पेन ड्राइव्हवर सोबत न्यावी. ती विक्रेत्यासमोर पूर्ण पडद्यावर चालवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखालील ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख पाहावा. तो वर गेला आणि प्रोसेसरचा वापर कमीच राहिला, तर डिकोडर काम करीत आहे. पाच-दहा मिनिटे तशीच चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐकावा. बाजाराच्या गोंगाटात कान यंत्राजवळ न्यावा लागेल. नव्या यंत्रावर आणि त्याच्या अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहावे.

घरी जोडणी झाल्यावर कोडीमधील पडद्याचा रिफ्रेश रेट चित्रफितीनुसार बदलण्याची सोय सुरू करावी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही ६० वर अडकून राहिला, तर कॅमेरा संथपणे सरकतो त्या दृश्यांत चित्र हलके अडखळते. तसेच बहुतेक मिनी पीसींत टीव्हीच्याच रिमोटने चालण्याची ‘सीईसी’ सोय नसते, रास्पबेरी पायमध्ये ती असते. इतरांसाठी यूएसबी रिसीव्हरसह येणारा साधा बिनतारी रिमोट वेगळा घ्यावा लागतो.