काल्मिक जंगर-गायन

रशियातील काल्मिकिया प्रजासत्ताकात (राजधानी एलिस्ता) चालत आलेली वीरकाव्य-गायनाची मौखिक परंपरा. काल्मिक हे सतराव्या शतकात व्होल्गाकाठी आलेले ओइरात मंगोल. धर्माने तिबेटी वळणाचे बौद्ध. मृत्यू व वार्धक्य नसलेल्या बुम्बा देशाचा राजा जंगर आणि त्याचे वीर यांच्या कथा जंगरची (गायक) एकटाच दोनतारी दोंब्राच्या साथीने गातो. चेन्नईत रुजलेल्या, तंजावरच्या मराठी कीर्तनाचा वारसा सांगणाऱ्या हरिकथेशी याचे नाते एकहाती कथनापुरतेच; आवाजाची जात मात्र निराळी.

काही जंगरची खर्खिरा हा खर्ज कंठस्वर लावतात. यात स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरच्या घड्याही कंप पावतात. त्या निम्म्या गतीने हलल्यामुळे मूळ स्वराच्या एक सप्तक खालचा घोगरा नाद उमटतो. मुखपोकळीचा आकार बदलून त्यातील उपस्वर उठवले, की एकाच गळ्यातून दोन स्वर ऐकू येतात.

एल्यान ओव्ला (१८५७–१९२०) हा या परंपरेतील सर्वश्रेष्ठ गायक मानला जातो. नोम्तो ओचिरोव्ह या विद्यार्थ्याने १९०८ मध्ये त्याच्याकडून दहा सर्ग टिपून घेतले; ते १९१० मध्ये सेंट पीटर्सबर्गला छापले गेले. ही नोंद झाली नसती तर पुढच्या आघातात बरेच काही नष्ट झाले असते. डिसेंबर १९४३ मध्ये स्तालिनच्या राजवटीने फितुरीचा आरोप ठेवून सबंध काल्मिक समाज सायबेरियाकडे हद्दपार केला. परतीची वाट १९५७ च्या सुमारास खुली झाली. ओक्ना त्सागान झाम या आधुनिक जंगरचीने खर्खिरा जागतिक रंगमंचावर नेला.