रक्तपेढीतलं खातं: दिलेलं रक्त परत मिळतं का?

रक्तदान केलं की चहा-बिस्किटांबरोबर हातात एक कार्ड पडतं. पुष्कळ जण ते पाकिटात जपून ठेवतात आणि धरून चालतात, की उद्या आपल्यावर किंवा घरच्यांवर वेळ आली तर रक्त फुकट मिळेल. मग खरोखरच वेळ येते. नातेवाईक कार्ड घेऊन रक्तपेढीच्या खिडकीपाशी उभे राहतात आणि बिल पाहून चिडतात. "आम्ही रक्त दिलंय ना, मग पैसे कसले?" हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर हवं असेल तर थोडं मागे जावं लागेल, कारण सगळा घोळ 'पेढी' या शब्दातच आहे.

पेढी म्हणजे जिथे ठेव ठेवायची आणि लागेल तेव्हा काढायची. 'ब्लड बँक' या नावाचं हे मराठी रूप. ते मूळ नाव दिलं शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमधल्या डॉ. बर्नार्ड फँटस यांनी, मार्च १९३७ मध्ये. तोपर्यंत बहुतेक ठिकाणी रुग्णाला रक्त लागलं की दात्याला शोधून आणायचं आणि ताजं रक्त काढून द्यायचं, अशी धावपळ असे. साठवलेलं रक्त वापरण्याचे प्रयोग रशियात आणि यादवी युद्धातल्या स्पेनमध्ये झाले होते. फँटस यांनी सायट्रेट मिसळलेलं रक्त बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्या काळी ते जेमतेम आठ-दहा दिवस टिकायचं. या विभागाला आधी 'रक्त जतन प्रयोगशाळा' अशा धाटणीचं रुक्ष नाव द्यायचं घाटत होतं. फँटस यांनी ते बदललं. बँकेत जितकं येईल तितकंच बाहेर जाईल, म्हणून रक्त घेणाऱ्याने रक्त जमाही केलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हा व्यवहार त्यांच्या लेखी अगदी खराखुरा होता.

पुढे अमेरिकेत तो फारच खरा झाला. रुग्णाला रक्त दिलं की ते त्याच्या नावावर 'उधार' लिहायचं. नातेवाइकांनी तेवढे दाते आणले तर उधारी मिटली. काही ठिकाणी तर एका बाटलीला दोन दाते मागत. दाते नाही आणले तर प्रक्रिया खर्चाशिवाय वेगळा आकार लागे, त्याला रक्त न भरून दिल्याचा दंडच म्हणा. उलट, आधीच रक्त देऊन ठेवलेल्याला हा आकार माफ. काही रक्तपेढ्यांनी विम्यासारख्या योजना काढल्या: वर्षातून एकदा रक्त द्या, वर्षभर तुमच्या कुटुंबाला लागणाऱ्या रक्ताची काळजी आमची. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ ब्लड बँक्स या संघटनेने पुढे एका शहरात जमा केलेलं रक्त दुसऱ्या शहरातल्या रुग्णाच्या खात्यावर वळतं करण्याची सोयही केली. बँकांचे धनादेश वटतात ना, तसंच.

ऐकायला हे न्याय्य वाटतं. ज्याने दिलं त्याला सवलत, यात वाईट काय? पण रक्ताचं खातं पैशाच्या खात्यासारखं चालत नाही. आजच्या पिशवीतल्या लाल पेशी द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स साधारण ५ दिवस. तुम्ही जानेवारीत दिलेलं रक्त तुमच्या डिसेंबरच्या ऑपरेशनसाठी शिल्लक नसतं. ते केव्हाच कुणाच्या तरी अंगात गेलेलं असतं. शिल्लक असते ती फक्त कागदावरची नोंद.

दुसरी अडचण जास्त बोचरी आहे. ज्यांना सगळ्यात जास्त रक्त लागतं, ते रक्त देऊच शकत नाहीत. थॅलेसेमियाचं मूल, बाळंतपणात रक्तस्राव झालेली ॲनिमियाची रुग्ण, कॅन्सरचा रुग्ण, सत्तरीतले आजोबा. यांच्या खात्यावर कायम उधारीच राहणार. अमेरिकेतली रेड क्रॉस संघटना १९४८ पासून नागरिकांसाठी रक्त गोळा करू लागली, तेव्हा तिची भूमिका हीच होती, की रक्त ही सगळ्या समाजाची जबाबदारी आहे, एकेका रुग्णाची नाही. या दोन विचारांत तिथे काही दशकं चांगलीच जुंपली होती. १९७८ मध्ये पिशवीवर 'पैसे घेणारा दाता' की 'स्वेच्छेने देणारा दाता' हे छापणं तिथे सक्तीचं झालं, तेव्हा कायद्याने एक बारीक रेघ ओढली. रोख रकमेत सहज बदलता न येणारी सवलत, म्हणजे दात्याला तो आकार माफ करणं किंवा विमायोजनेत घेणं, हा मोबदला धरला जात नाही. मला ही रेघ पटते. पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवतो. वर्षभरानंतर कदाचित लागेल अशा सवलतीसाठी सहसा कुणी खोटं बोलत नाही.

दात्याच्या खर्चमाफीचं सगळ्यात ठळक उदाहरण मात्र चीनचं आहे. १९९०च्या दशकात हनान प्रांतात पैसे देऊन रक्तद्रव गोळा करण्याच्या धंद्यातून खेडीच्या खेडी एचआयव्हीने ग्रासली. त्यानंतर १ ऑक्टोबर १९९८ पासून तिथे रक्तदान कायदा लागू झाला. त्यात म्हटलं आहे, की रुग्णाकडून फक्त रक्त गोळा करणं, साठवणं, घटक वेगळे करणं आणि तपासणं यांचा खर्च घ्यायचा, आणि विनामोबदला रक्त दिलेल्याला तोही माफ. पती-पत्नी, आई-वडील, मुलं यांनाही प्रांताच्या नियमांनुसार सूट. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात बरीच वर्षं आधी इस्पितळात पैसे भरायचे आणि नंतर दाखला घेऊन रक्तकेंद्राकडून परत मिळवायचे, असा फेरा होता. एका शहरात रक्त देऊन दुसऱ्या शहरात आजारी पडलेल्यांचे तर हालच. आता अनेक ठिकाणी इस्पितळाच्या बिलातच वजावट होते. याच कायद्यातल्या 'नातेवाइकांनी परस्पर रक्त द्यावं' या तरतुदीतून मात्र दलाल उपजले, पैसे घेऊन 'नातेवाईक' पुरवणारे. शेवटी २०१८ मध्ये ती पद्धत बंद करावी लागली.

आता आपल्याकडे या. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी 'कॉमन कॉज' खटल्यात निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून भारतात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. रक्ताला किंमत नाही, हे तत्त्व पक्कं झालं. तरी बिल येतं, कारण तुमच्या एका पिशवीमागे पिशवीचा खर्च, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया यांच्या तपासण्या, घटक वेगळे करणं, शीतगृह आणि क्रॉसमॅच एवढं सगळं असतं. याला प्रक्रिया शुल्क म्हणतात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ मध्ये त्याची कमाल मर्यादा ठरवली. खासगी रक्तकेंद्रात लाल पेशींच्या पिशवीला १५५० रुपये, जादा तपासण्यांचे वेगळे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेलच्या रुग्णांना मात्र रक्त मोफत द्यायचं आहे.

मग कार्डाचा उपयोग काय? चीनसारखी देशभर चालणारी खर्चमाफी आपल्याकडे नाही. कार्ड देणारी रक्तपेढी ठरवते ती सवलत, बहुधा एका वर्षापुरती आणि एका पिशवीपुरती. कुठे बदली रक्तदाता न मागता रक्त देतात, कुठे शुल्कात सूट देतात, कुठे दोन्ही. म्हणून रक्त देतानाच तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा: सूट किती, घरच्यांना चालेल का, दुसऱ्या शहरात चालेल का, मुदत कधीपर्यंत. कार्डाच्या मागची बारीक अक्षरं वाचा.

आणि कार्ड नसेल तर घाबरू नका. "बदली रक्तदाता आणल्याशिवाय पिशवी देणार नाही" असा हट्ट रक्तपेढीने धरू नये, अशा सूचना महाराष्ट्रात आहेत. कुणी अडवलं किंवा ठरल्यापेक्षा जास्त शुल्क लावलं, तर पावती मागून घ्या आणि राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे लेखी तक्रार करा. जवळच्या कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाच्या पिशव्या आहेत, हे सरकारच्या 'ई-रक्तकोष' या संकेतस्थळावर दिसतं.

जाता जाता, २०२० पासून कायद्याच्या भाषेत 'ब्लड बँक' हा शब्दच राहिलेला नाही. आता परवान्यावर 'ब्लड सेंटर', म्हणजे रक्तकेंद्र असं लिहितात. बोलताना आपण सगळे अजून पेढीच म्हणतो, मीसुद्धा.