एकशे एक दिवसांचा धडा



आपला हा अंक दोन भाषांत निघतो, याचे कुणाला नवल वाटायला नको. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत सुरू केलेले ‘दर्पण’ही असेच होते: एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. म्हणजे हवल्लीत बसून आपण जे करतो आहोत, त्याला जुना वारसा आहे. या वारशात अभिमानाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. आज मात्र त्यातली एक चूक सांगतो.

जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर, ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक. दोघांनी अजून पंचविशीही गाठली नव्हती. त्या सुमारास कोल्हापूरचे तरुण छत्रपती, चौथे शिवाजी महाराज, यांना वेड लागले आहे असे सरकारचे म्हणणे होते. महाराजांचा छळ होतो आहे, असे लोक म्हणत होते. सगळ्यांचा रोख संस्थानचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर होता. अशात बर्वे यांच्या नावाची काही पत्रे पुढे आली. महाराजांविरुद्ध कट शिजतो आहे, असे त्यांतून दिसत होते. टिळक-आगरकरांनी ती खरी मानून बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. कोर्टात पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. खटल्याच्या वेळी महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता, हेही विसरू नये. विचारांचे मतभेद असूनही तो दिला गेला. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे २६ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, सुटले. लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. पुढे आगरकरांनी या दिवसांवर पुस्तकही लिहिले.

खरी अडचण पुढेच आहे. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे महाराजांविषयीची काळजी अनाठायी नव्हती. मग पत्रे खोटी होती, तर बिघडले काय? वर्गात हा प्रश्न विद्यार्थी मला दरवर्षी विचारीत. माझे उत्तर एकच असे: हेतू चांगला होता म्हणून बनावट पत्र खरे होत नाही. त्या पत्रांनी एका माणसाची अब्रू गेली आणि महाराजांची खरी बाजूही लंगडी पडली.

पुढे पैसाही यात शिरला. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांच्या जाहिराती बातम्यांच्या वेशात छापल्या गेल्याचे आरोप झाले. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोहोचला आणि प्रेस कौन्सिलला चौकशी समिती नेमावी लागली. जाहिरात जाहिरात म्हणून आली, तर वाचक सावध असतो. बातमी म्हणून आली, की तो फसतो.

आता कबुली. गेल्या निवडणुकीच्या धामधुमीत एका नेत्याच्या तोंडी घातलेले वाक्य मी आमच्या व्हॉट्सॲप गटात पुढे ढकलले. माझ्या मताला ते सोयीचे होते. इथेच जन्मलेल्या नातवाने विचारले, “आजोबा, हे ते कधी बोलले? कुठे?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. शोधले, तर ते वाक्य त्या नेत्याचे नव्हतेच. चाळीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाने तेच केले, जे त्या दोघांनी केले होते. त्यांनी निदान कोर्टात माफी मागितली होती. मी गटात चार ओळी लिहून मागितली. दोघांनी अंगठा दाखवला, बाकीचे गप्प राहिले.

मायदेश दूर असला, की तिकडची प्रत्येक बातमी जिवाला लागते आणि आपण ती पारखायचे विसरतो. म्हणून घरातल्या मुलांनी “कुणी सांगितले?” असे विचारले, तर रागावू नका. या दिवाळीत फराळाला बसाल, तेव्हा डोंगरीच्या १०१ दिवसांची गोष्ट त्यांना जरूर सांगा.