मुलांची विज्ञानाशीं पहिली ओळख

मुलांस विज्ञान शिकवावें, ह्याविषयीं आतां फारसा मतभेद उरलेला नाहीं. मतभेद आहे तो त्याची पहिली ओळख कशी करून द्यावी, एवढ्यापुरताच. पुस्तक, व्याख्यान, संग्रहालय आणि दूरचित्रवाणी हीं साधनें गेल्या दोन शतकांत पुढें आलीं, आणि नवें साधन आलें कीं जुन्याचें आतां काय काम, असें सहज वाटूं लागतें. ह्या साधनांचा इतिहास पाहतां आम्हांस मात्र निराळेंच दिसतें.

मायकेल फॅरडे हा एका लोहाराचा मुलगा. शालेय शिक्षण अगदीं बेताचें. १८०५ मध्यें तो लंडनमधील एका पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवार म्हणून राहिला. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचीत असे. त्यांतच जेन मार्सेट ह्या विदुषीचें रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक त्याच्या हातीं आलें. एक शिक्षिका व तिच्या दोन विद्यार्थिनी ह्यांच्या प्रश्नोत्तरांतून त्यांत विषय उलगडत जातो. ह्या पुस्तकाचें ऋण फॅरडेनें उतारवयांत मोकळ्या मनानें मान्य केलें; पण त्याचें कारण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुस्तकांतील विधानें त्यानें आपल्या तुटपुंज्या साधनांनीं प्रयोग करून ताडून पाहिलीं, आणि तीं खरीं उतरलीं, तेव्हां कोठें त्याचा त्यांवर विश्वास बसला.

पुढें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशननें १८२५ मध्यें नाताळच्या सुटींत तरुण श्रोत्यांसाठीं व्याख्यानें सुरू केलीं. १८२७ ते १८६० ह्या काळांत फॅरडेनें त्यांतील १९ व्याख्यानमाला दिल्या. शेवटच्या मालेचा विषय होता साधी मेणबत्ती! बर्फ व मीठ भरलेलें भांडें ज्योतीवर धरून त्याच्या तळाशीं जमणारा पाण्याचा थेंब तो दाखवी, आणि अखेरीस ज्योतीचें जळणें व आपलें श्वसन ह्यांतील साम्यापर्यंत श्रोत्यांस नेई. ज्याची साधनें घरोघरीं आहेत, असाच विषय त्यानें निवडला होता.

१९६६ पासून हीं व्याख्यानें दरवर्षीं दूरचित्रवाणीवर दिसूं लागलीं. १९७७ मध्यें कार्ल सेगन ह्यांनीं तेथेंच ग्रहांवर व्याख्यानें दिलीं आणि १९८० मध्यें त्यांची ‘कॉसमॉस’ ही १३ भागांची मालिका निघाली. सभागृहांतील कांहीं शेंकडा श्रोत्यांच्या ठिकाणीं लक्षावधि प्रेक्षक आले, हा लाभ लहान नव्हे. परंतु सभागृहांतील मुलास प्रयोगाच्या मेजापाशीं बोलावतां येतें. पडद्यापुढील मुलास तसें बोलावतां येत नाहीं.

ही उणीव संग्रहालयानें भरून काढावी. पण कांचेआड वस्तु ठेवून ‘हात लावूं नये’ अशी पाटी टांगणारें संग्रहालय तें काय भरून काढणार? म्युनिकच्या डॉयचेस म्यूझियमनें १९२५ मध्यें आपल्या नव्या इमारतींत प्रेक्षकांस स्वतः चालवितां येतील अशीं यंत्रें मांडलीं, तेव्हां हा प्रघात मोडूं लागला. मुंबईचें नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्यें उघडलें, तेंहि ह्याच परंपरेंतील होय.

आम्ही अनेक वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आहों. व्याख्या बिनचूक सांगणाऱ्या विद्यार्थ्यास ‘हें तुम्हांस कशावरून कळलें?’ असें विचारलें कीं तो बहुधा पुस्तकाकडे बोट दाखवितो. असें ज्ञान केवळ आप्तवाक्यावर उभें असतें. उद्यां कोणी अधिक मोठ्या आवाजांत उलट सांगितलें, तर तें टिकावें कसें?

डॉ. जयंत नारळीकर ह्यांची एक रीत येथें आठवते. स्वाक्षरी मागावयास आलेल्या मुलांस ते एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठविण्यास सांगत. उत्तर सहीनिशीं येई. साधन चार पैशांचें. पण सहीसाठीं मुलास आधीं प्रश्न शोधावा लागे. पुस्तक असो वा पडदा, मुलानें तो मिटतांना एक तरी प्रश्न मनांत घेऊन उठावें, आणि त्याचा पडताळा पाहूं देणारें कोणी वडीलधारें माणूस घरांत असावें, एवढेंच आमचें मागणें आहे.