घरची तालीम: सहा घरांचा इतिहास

गेल्या काही वर्षांत पालक भेटले की एक प्रश्न हमखास निघतो. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवलं तर कसं होईल? लॉकडाऊनमध्ये घरातच अभ्यास झाला, तेव्हापासून हा विचार अनेकांच्या डोक्यात घोळतो आहे. कुणी माँटेसरीचं सामान मागवतं, कुणी तयार अभ्यासक्रम विकत घेतं, तर कुणी म्हणतं, मुलाला आवडेल ते शिकू द्या. मग विचारणा होते की यातली कोणती पद्धत आपल्या घराला लागू पडेल.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. या प्रश्नाचं उत्तर मला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा आपल्याच इतिहासात जास्त सापडलं. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या अनेक शरीफ मुसलमान घराण्यांत मुलांची तालीम घरातच सुरू व्हायची आणि मुलींची बहुतेक वेळा घरातच संपायची. पण सगळ्या घरांत एकच पद्धत होती असं मुळीच नाही. अशी सहा घरं पाहू.

पहिलं घर दिल्लीचं. सर सय्यद अहमद ख़ान यांचा जन्म १८१७चा. ते आजोळी, ख़्वाजा फ़रीदुद्दीन यांच्या हवेलीत वाढले. संध्याकाळी दिवे लागले की आजोबा मुलांना समोर बसवून त्यांचे सबक ऐकत. आई अज़ीज़ुन्निसा बेगम यांनी मुलाकडून सादींच्या ‘गुलिस्ताँ’चे काही धडे स्वतः करून घेतले. सुताच्या तीन पेडांना लाकडी मूठ लावलेला एक चाबूक त्या जवळ ठेवत, पण मुलावर तो त्यांनी कधी चालवला नाही, असं सर सय्यद यांनी लिहून ठेवलं आहे. मात्र याच मुलाने अकरा-बारा वर्षांचा असताना घरातल्या म्हाताऱ्या नोकराला थप्पड मारली, तेव्हा आईने त्याला घराबाहेर काढलं. त्या नोकराची हात जोडून माफी मागितल्यावरच तो घरात परत आला. या घराकडे छापील अभ्यासक्रम नव्हता. रोज न चुकता सबक ऐकणारं माणूस होतं आणि धड्याइतकंच वागणुकीकडे लक्ष होतं.

गंमत अशी की घरात इतकं चांगलं शिकलेल्या या माणसाने पुढे अलीगढला १८७५मध्ये मदरसा उघडला, त्याचं कॉलेज झालं, आणि तिथे मुलांनी घर सोडून वसतिगृहात राहावं यावर त्यांचा मोठा भर होता. बदलत्या काळात जे लागणार आहे ते सगळं घर देऊ शकणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. पण मुलींच्या बाबतीत त्यांनी हा हिशेब लावला नाही. आधी पुरुष शिकू देत, मग त्यांच्यामागून बायका शिकतीलच, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांची पहिली गुरू आईच होती, त्यांनी हे म्हणावं याचं मला आजही नवल वाटतं.

दुसरं घर डेप्युटी नज़ीर अहमद यांचं. सरकारी नोकरीत असलेल्या या गृहस्थांना मुलींना घरी शिकवायचं होतं, पण मुलींच्या हाती द्यावं असं पुस्तकच उर्दूत त्यांना मिळेना. मग ते स्वतः लिहायला बसले. थोडं लिहायचं, मुलींना वाचायला द्यायचं, मुली पुढचं मागू लागल्या की आणखी लिहायचं. त्यातून ‘मिरात-उल-उरूस’ ही कादंबरी तयार झाली. ती १८६९मध्ये छापली गेली आणि तिला सरकारचं एक हजार रुपयांचं बक्षीस मिळालं. कादंबरीतली असग़री सासरी आल्यावर संसार सावरते आणि मोहल्ल्यातल्या मुलींसाठी घरातच मकतब चालवते. हिशेब ठेवणं, पत्र लिहिणं, शिवणं, रांधणं आणि वाचणं हे सगळं तिथे एकत्र चालतं. बाजारात पुस्तक नाही म्हणून हा बाप थांबला नाही. आपल्या मुलींची भाषा आणि त्यांचं रोजचं जगणं घेऊन त्याने पुस्तक घडवलं. आज ज्यांच्या घरात दखनी बोलली जाते, शाळेत मराठी आणि मोबाइलवर इंग्रजी, त्यांनी हे घर जरूर आठवावं.

तिसरं घर कलकत्त्याचं, मौलाना अबुल कलाम आझाद यांचं. त्यांचा जन्म १८८८मध्ये मक्केत झाला आणि लहानपणीच ते कलकत्त्याला आले. वडील मौलाना ख़ैरुद्दीन जुन्या विचारांचे. आधुनिक शिक्षणाने ईमान जातं असं त्यांचं ठाम मत होतं. कलकत्त्याच्या मदरसा आलियाबद्दलही त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. म्हणून त्यांनी मुलाला आधी स्वतः शिकवलं आणि मग एकेका विषयाला एकेक उस्ताद घरी आणला. अरबी, फ़ारसी, तर्कशास्त्र, गणित, तत्त्वज्ञान, सगळं जुन्या शिस्तीने. हा अभ्यासक्रम इतरांचा विशीनंतर पुरा होई, आझादांनी तो सोळाव्या वर्षी संपवला. शिकवल्याशिवाय ज्ञान पक्कं होत नाही म्हणून वडिलांनी पंधराएक विद्यार्थी गोळा करून मुलाला त्यांना शिकवायला बसवलं. शिक्षक म्हणून मला या घरातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

पण हे घरही एका टप्प्यावर अपुरं पडलं. सर सय्यद यांचे लेख वाचल्यावर तरुण आझादांना वाटलं की आधुनिक विद्या आल्याशिवाय आपलं शिक्षण पुरं नाही. मौलवी मुहम्मद यूसुफ़ जाफ़री यांनी त्यांना इंग्रजीची अक्षरं शिकवली आणि प्यारीचरण सरकारांचं पहिलं पुस्तक हाती दिलं. पुढे त्यांनी बायबलचं इंग्रजी भाषांतर फ़ारसी आणि उर्दू भाषांतरांशी लावून वाचलं, शब्दकोश घेऊन वर्तमानपत्रं वाचली. वडिलांनी जी खिडकी बंद ठेवली होती, ती वडिलांनीच दिलेल्या अभ्यासाच्या जोरावर मुलाने उघडली. शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस स्वतंत्र भारताचा पहिला शिक्षणमंत्री झाला. हे उदाहरण घरी शिकवण्याच्या बाजूने नेहमी दिलं जातं. देताना हेही सांगावं की मंत्री म्हणून त्यांचं काम सगळ्यांसाठी शाळा, विद्यापीठं आणि संस्था उभ्या करण्याचं होतं.

चौथं घर आपल्या मुंबईचं, तय्यबजींचं. सुलेमानी बोहरा समाजातलं हे व्यापारी घराणं. त्यातले बद्रुद्दीन तय्यबजी विलायतेत बॅरिस्टर झाले आणि १८८७च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते. या घराण्यात एक रीत होती, ‘अख़बार की किताब’. घरात एक मोठी वही ठेवलेली असे आणि त्यात घरातल्या कुणीही लिहावं, पुरुषांनी, बायकांनी, मुलांनीसुद्धा. प्रवास, आजारपण, पाहुणे, समारंभ, मतभेद, काहीही. घराण्याच्या वेगवेगळ्या शाखांच्या वेगवेगळ्या वह्या होत्या. सुरुवातीला लिहिणं गुजरातीत होई, पुढे घराण्याने ठरवून उर्दू स्वीकारली आणि वह्याही उर्दूत आल्या. मुलाचं लिहिणं आजोबा वाचणार आणि मावशीचं लिहिणं भाचा वाचणार, म्हणजे प्रत्येकाला वाचक होता. निबंधाची वही फक्त मास्तरांसाठी लिहिणाऱ्या आपल्या मुलांना हे सुख मिळत नाही. आणि या घराण्याने वहीवर भागवलं नाही, मुलींना शाळेतही घातलं. याच गोतावळ्यातल्या अतिया फ़ैज़ी १९०६मध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या आणि तिथली रोजनिशी त्यांनी उर्दूत लिहिली. त्यांची बहीण नाज़ली आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याची बेगम होती.

आता दोन घरं अशी, की जिथे चार भिंती होत्या पण तालीम द्यायची तयारी नव्हती.

बिजनौर जिल्ह्यातल्या एका सय्यद घरात १८४०मध्ये अशरफ़ुन्निसा जन्मली. मुलींना कुरआन शिकवायला एक विधवा उस्तानी येत असे. तिने दुसरा निकाह केला आणि तिचं येणं बंद झालं. मुलींना वाचता आलं तर चालेल, लिहिता येता कामा नये, असा त्या काळातला दंडक होता. लिहिता आलं तर मुलगी कुणालाही चिठ्ठी लिहील, ही भीती. अशरफ़ने तव्याची काजळी खरवडून शाई केली, झाडूच्या काडीची लेखणी केली आणि मजहबी कवितांच्या पुस्तकातली अक्षरं, अर्थ कळत नसताना, लपूनछपून गिरवली. पुढे नात्यातल्या एका मुलाला ती कुरआनचा सबक देऊ लागली आणि बदल्यात त्याच्याकडून तिने उर्दू वाचायला शिकून घेतलं. हे उघड झालं तेव्हा चुलता संतापला. पण नंतर घरातल्या बायका आपली पत्रं तिच्याकडूनच लिहून घेऊ लागल्या. तीच मुलगी पुढे लाहोरच्या मुलींच्या व्हिक्टोरिया शाळेत शिक्षिका झाली. आपली हकीकत तिने स्वतः लिहिली आणि ‘तहज़ीब-ए-निसवाँ’ या उर्दू साप्ताहिकात ती छापून आली.

रंगपूरजवळच्या पायराबंद गावी १८८०मध्ये जन्मलेल्या रुक़ैया, म्हणजे बेगम रोकेया सख़ावत हुसैन, यांची गोष्टही अशीच. भाऊ कॉलेजात शिकत होते. मुलींना बंगाली आणि इंग्रजी शिकायला मात्र मनाई. थोरला भाऊ इब्राहीम साबिर रात्री घर झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला शिकवत असे. थोरली बहीण करीमुन्निसा हिनेही बंगालीसाठी तिला बळ दिलं. या मुलीने पुढे १९११मध्ये कलकत्त्यात ८ मुली घेऊन शाळा सुरू केली. मुलींना पडद्याच्या गाडीतून शाळेत आणण्यासाठी ती घरोघर जाऊन पालकांची मनधरणी करत राहिली.

ही सहा घरं शेजारी शेजारी ठेवली की पद्धतीचा प्रश्न जरा वेगळा दिसतो. कुठे शिस्तीचा जुना अभ्यासक्रम होता, कुठे गोष्ट, कुठे वही. प्रत्येक घराने आपल्याकडे जे होतं त्यातून पद्धत काढली. म्हणून पालकांनी आधी आपलं घर पाहावं. रोज सबक ऐकायला वेळ कुणाकडे आहे? आजी, मामू, शेजारची शिकलेली मुलगी, कुणाला काय येतं? घरात कोणती भाषा जिवंत आहे? मुलाने लिहिलेलं मनापासून वाचणारं कुणी आहे का? याची उत्तरं मिळाली की पद्धतीचं नाव काय हे फारसं महत्त्वाचं राहत नाही. सबक ऐकणारंच कुणी नसेल, तर मूल शाळेतच बरं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. घर जिथे अपुरं पडेल, तिथून पुढचा रस्ता कुठे जातो? आज तो रस्ता आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, तिच्या दहावीच्या परीक्षेला १४ वर्षं पूर्ण झालेलं मूल बसू शकतं. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. घरी शिकवायचं ठरवतानाच या परीक्षा कधी द्यायच्या, विज्ञानाचे प्रयोग कुठे करायचे, चार वेगळ्या घरांतली मुलं कुठे भेटणार, हे कागदावर लिहून काढावं.

हे मी मुद्दाम सांगते आहे. आपल्या समाजात ‘आम्ही हिला घरीच शिकवतो’ हे वाक्य दोन अर्थांनी बोललं जातं. एका घरात त्यामागे वेळापत्रक, पुस्तकं आणि परीक्षेची तारीख असते. दुसऱ्या घरात मुलगी सातवीनंतर भाकऱ्या आणि धाकटी भावंडं सांभाळत असते, तिचा भाऊ मात्र ट्यूशनला जात असतो. दोन्ही घरं एकच शब्द वापरतात. ओळखायची खूण सोपी आहे. जी पद्धत मुलीला बरी म्हणून निवडली, ती मुलासाठीही निवडली असती का? या प्रश्नाला ज्या घराचं उत्तर ‘हो’ आहे, त्या घराने बिनधास्त घरी शिकवावं आणि आपल्यासारखी पद्धत आपणच घडवावी. ज्यांचं उत्तर ‘नाही’ आहे, त्यांनी मुलीला उद्याच शाळेत पाठवावं. काजळीची शाई करून लिहिण्याची वेळ तिच्यावर आणू नये.