माझगावच्या टेकडीवरून, नळीच्या मागे मागे

डॉकयार्ड रोड स्टेशनातून बाहेर पडा आणि भंडारवाड्याची टेकडी चढा. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. कठड्याशी उभे राहा. खाली हार्बर लाइनची लोकल, पलीकडे माझगाव गोदीच्या क्रेन, उजेडात चकाकणारं खाडीचं पाणी. आता पाहत राहा. आधी क्रेन जातात, मग रूळ, मग चाळींची कौलं आणि गच्च्या. ताडामाडांची दाटी वर येते आणि तुमच्या पायाखाली बागेच्या फरशीऐवजी किल्ल्याचा दगड येतो.

जून 1690. पहिल्या पावसाने दगड निसरडे झालेत. गेल्या वर्षी औरंगजेबाच्या बाजूने लढणारा जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला आणि इथले इंग्रज तोफा, दारू, गोळे मागे टाकून पळाले. तेव्हापासून हा किल्ला सिद्दीचा. इंग्रजांचा गव्हर्नर सर जॉन चाइल्ड याच फेब्रुवारीत वारला, ईस्ट इंडिया कंपनीने औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड कबूल केला, आणि आता सिद्दी निघालाय. जाताना तो हा किल्ला जाळून पाडणार आहे. तुमच्याकडे फार वेळ नाही.

एक हबशी शिपाई तुमच्या हातात बंदूक देतो. तोड्याची. नळी इतकी लांब की बुंधा जमिनीवर टेकवला तर तोंड तुमच्या छातीपर्यंत येतं. तो खुणेने सांगतो आणि तुम्ही करता: तोंडातून दारू, मग गोळी, मग गज आत घालून ठासणं. गजाचा दणका मनगटात जाणवतो. नळीच्या बुडाशी बाजूला एक बारीक छिद्र आहे, त्याला कान म्हणतात. कानापाशी चिमूटभर रंजक, म्हणजे आग धरायची बारीक दारू, ठेवायचं. जळता तोडा, म्हणजे सुताची वात, पकडीत असतो. खटका दाबला की तो रंजकावर उतरतो, रंजक भडकतं आणि विस्तव कानातून आत शिरतो. शोरा, गंधक आणि कोळसा, एवढंच त्या दारूत आहे. शोरा बहुतेक बिहारकडून येतो.

तुम्ही नेम धरता आणि त्याच क्षणी सर येते. तोडा फुसफुसतो, रंजकाचा काळा चिखल होतो. शिपाई चिडत नाही. तो झटकन पदराखाली दुसरा तोडा जपतो. पावसाळ्यात मुंबईच्या बेटांवर लढाई मंदावायची ती यामुळेही.

धूर डोळ्यांत जातो. पुसून पाहता तर किल्ला नाही.

आता 1860 नंतरची एक सकाळ आहे. भायखळ्याकडून आगगाडीची शिट्टी येते. बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 पासून धावतेय. माझगावातल्या ग्लोरिया चर्चची घंटा वाजते. टेकडी उतरून खाली या. याच बाजूला कंपनीचा बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. त्याच्यामुळे गनपावडर रोड आणि दारूखाना ही नावं मागे राहिली. एका सरकारी गोदामाच्या फाटकावर देशी पायदळातला शिपाई पहारा देतोय. बोलण्यावरून रत्नागिरीकडचा वाटतो. मुंबईच्या फौजेत कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आलीत.

त्याची बंदूकही ठासणीचीच आहे, पण तोडा नाही, चकमकही नाही. घोड्याखाली एक पोकळ खुंटी आहे आणि तिच्यावर तांब्याची चिमुकली टोपी बसते. घोडा पडला की टोपीतला मसाला फुटतो आणि ठिणगी थेट नळीत जाते. मसाल्यावर घाव घालून बार उडवण्याची कल्पना अलेक्झांडर फोरसाइथ नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाची, पेटंट 1807 चं. त्याला शिकारीचा नाद होता आणि चकमकीचा भडका पाहून पक्षी आधीच उडून जात. टोपीची खरी किंमत 1841 च्या मे महिन्यात चीनमध्ये कँटनजवळ कळली. मद्रासच्या 37 व्या पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात वेढली गेली, चकमकीच्या बंदुका उडेनात. टोपीच्या बंदुका घेतलेले इंग्रज नौदलाचे मरिन्स धावून गेले तेव्हा ती सुटली. जुन्या चकमकीच्या बंदुकांना टोपीचा घोडा बसवण्याचं काम तोवर कारखान्यांत सुरू झालंच होतं. नळी तीच ठेवून फक्त आग लावायची रीत बदलायची, हे बंदुकीच्या इतिहासात वारंवार घडलंय.

पण शिपायाला विनंती करा आणि त्याच्या नळीच्या तोंडात करंगळी घाला. आतून गुळगुळीत लागेल. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण या गुळगुळीतपणात एक निर्णय आहे.

इंग्रज सैनिकाच्या एनफील्ड रायफलीच्या नळीत आतून तीन आटे, म्हणजे पिळाच्या खाचा, कोरलेले असतात. त्यांच्यामुळे गोळी फिरकी घेत जाते आणि शेकडो यार्डांवरचा नेम साधते. 1857 नंतर सरकारला देशी शिपायाच्या हातात असली रायफल नको होती. म्हणून 0.577 इंचांची नळी आतून खरवडून 0.656 इंचांची केली. आटे गेले. लांबचा नेम गेला. शंभरेक यार्डांपलीकडे भरवसा उरला नाही. कारागिरीच्या दृष्टीने ही चांगल्या वस्तूची जाणूनबुजून केलेली नासधूस होती. शिवाय खरवडल्याने नळीची भिंत पातळ झाली. ती फुगायची, वाकायची. मग जाड भिंतीचा नवा नमुना, 1859 चा, काढावा लागला. तोपर्यंत ती पातळ नळी कुणाच्या गालाशी टेकत होती, तर या पहारेकऱ्यासारख्यांच्या.

बंदुकीचं रूपांतर म्हणजे लोहाराचं कसब, असं आपण समजतो. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की कुणाला कोणती बंदूक द्यायची हे कोण ठरवतं. 1866 पासून इंग्रज फौजेच्या एनफील्डना स्नायडरची पद्धत लावून मागून काडतूस भरायची सोय झाली, आणि देशी पलटणींना ठासणीवर आणखी काही वर्षं काढावी लागली. 1878 साली व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला. परवाना हिंदी माणसाला; युरोपियनांना सूट.

शिपाई करंगळी काढायला सांगतो, पाळी बदलायची वेळ झालीय. तुम्ही वळता आणि समोर भाऊचा धक्का असतो. 1950 नंतरची संध्याकाळ. कोकण बोटीसाठी रांग लागलीय: वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, केरसुण्या, लहान पोरांचं रडणं. मालवणला निघालेले एक आजोबा ट्रंकेवर बसलेत. खिशात घडी घातलेला बंदुकीचा परवाना आहे, शेतीच्या राखणीसाठी. तुम्ही विचारता, काका, काडतुसाची बंदूक नाही का ठेवत?

"होती मां," ते सांगतात. "पण ढिली झाली. काडतुसां गावनत नाय, गावली तरी परवडनत नाय. मागसून बंद करून ठासणीची केली. वांदरांका भियवूक बार पुरे."

एकनळी शॉटगनचा मागचा सांधा झिजला, काडतूस महागलं, की तिचं मागचं तोंड कायमचं बंद करायचं आणि शंभर वर्षं मागे नेऊन पुन्हा गजाने ठासायची. 1866 चा प्रवास उलटा. शेत राखणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर यात शहाणपण आहे. भात पिकलंय, रात्री डुकरं येतात, हातात पैसे नाहीत.

तरी आजोबांच्या शेजारी बसून त्या नळीचा विचार करा. ती काडतुसासाठी घडलेली आहे, त्यामुळे मागे रुंद आणि पुढे अरुंद. बर्मिंगहॅममध्ये 1813 च्या कायद्याने प्रत्येक नळीला जास्त दारू घालून चाचणी घ्यावी लागे आणि मग शिक्का बसे. गावच्या भट्टीत बदललेल्या नळीवर तो जुना शिक्का राहतो, पण त्याचा अर्थ संपलेला असतो. लोखंडी पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नळ्यांत जोडांच्या आत गंज शिरतो आणि बाहेरून नळी देखणीच दिसते. त्यात कुणी काळ्या दारूऐवजी काडतुसातली बिनधुराची दारू घातली तर दाब अनेक पटींनी वाढतो. नळी फाटते, आणि खालून आधार देणारा डावा हात तिथेच असतो. हे मी भीती घालायला लिहीत नाही. परवाना, शिसं, दारू आणि हात या साखळीत सगळा भार शेवटी शेतकऱ्याच्या बोटांवर येतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

भोंगा होतो. आजोबा उठतात, धोतर सावरतात, ट्रंक कुणाच्या तरी मदतीने उचलतात. फळकुटावरून बोटीत शिरताना ते मागे पाहत नाहीत.

तुम्ही आज परत आलात. दारूखान्याच्या रस्त्यावर भंगाराचे ढीग आहेत, मोडलेल्या जहाजांचे पत्रे गॅसने कापले जातायत. कोकणातल्या घराच्या माळ्यावर आजोबांची एखादी नळी अजून गोधडीत गुंडाळलेली असेल, तर तिच्यात दारू घालू नका आणि कुणाकडून ती बदलून घेऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बंदुकीत बदल करण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि बिनपरवाना बंदूक घरात ठेवणंही गुन्हाच आहे. आधी घरातल्या थोरल्या माणसांना विचारून तिची हकिगत लिहून काढा: कुणाची, कुठून आली, कुणी बदलली. मग पोलीस ठाण्यात जाऊन परवान्याचं काय ते विचारा, आणि परवाना नसेल तर ती रीतसर जमा करा.