कोरी ठेवलेली चौकट

१९५७ साली अमेरिकी हवाई दलातून बाहेर पडलेल्या मार्लन ग्रीन या कृष्णवर्णीय वैमानिकाने कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सकडे अर्ज केला. वंशाची चौकट कोरी सोडली, छायाचित्रही जोडले नाही. बोलावणे आले! उड्डाणचाचणीही झाली. नोकरी मात्र त्याच्याहून कमी उड्डाणतास असलेल्या गोऱ्या उमेदवारांना मिळाली.

ग्रीन कोलोरॅडोच्या भेदभावविरोधी आयोगाकडे गेला. कंपनीचा बचाव मासलेवाईक होता: आमची विमाने अनेक राज्यांतून उडतात, सबब एका राज्याचा हा कायदा आम्हांस लागू नाही. २२ एप्रिल १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला.

१९६४ साली अमेरिकन एअरलाइन्सने डेव्हिड हॅरिस या कृष्णवर्णीय वैमानिकास घेतले. खुद्द ग्रीन कॉन्टिनेन्टलच्या कॉकपिटमध्ये बसला तो १९६५ साली, अर्जानंतर तब्बल आठ वर्षांनी.